भाच्याचा अर्ज वेगळा, साहेबांची तक्रार वेगळी

एका मावशींचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: भाचा नऊ वर्षांचा. बहिणीचं दुसरं लग्न, आणि सावत्र वडील मुलाला पट्ट्यानं मारतात. मावशींनी चार महिन्यांपूर्वी १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन केला. जिल्हा बाल संरक्षण कक्षातून दोघं जण एकदा घरी जाऊन आले, पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीत गेल्या तर ‘तुमचा काय संबंध? आईला घेऊन या’ असं उत्तर मिळालं. पोलीस ठाण्यात ‘घरगुती मामला आहे, समजुतीनं घ्या.’ बहीण भीतीपोटी तोंड उघडत नाही. आता यांची तक्रार करायची तर कुठे, आणि केली तर राग मुलावरच निघणार नाही ना, असं त्या विचारतात.

मी एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर तीन वर्षं सदस्य होते. त्याआधी आणि त्यानंतरही याच क्षेत्रात आहे. लोकांना तक्रारी लिहून दिल्या आहेत आणि आमच्या समितीविरुद्ध आलेल्या वाचल्याही आहेत. खरं सांगायचं तर दुसऱ्या प्रकारातून जास्त शिकले.

आधी एक गोष्ट. मूल आत्ता, आज रात्री धोक्यात असेल तर तक्रारीचा विचार बाजूला ठेवा आणि ११२ किंवा १०९८ लावा. पूर्वी १०९८ स्वयंसेवी संस्था चालवायच्या. २०२३ पासून ते सरकारी यंत्रणेकडे आलं आणि ११२ शी जोडलं गेलं. फोन केल्यावर तारीख, वेळ, उचलणाऱ्याचं नाव आणि नोंद क्रमांक वहीत लिहा. तुमच्या पहिल्या फोनचा क्रमांक तुमच्याकडे नाही, असं तुमच्या मजकुरावरून वाटतं. बिघडलं काही नाही. पण पुढच्या प्रत्येक पायरीवर तो पहिल्यांदा विचारला जाईल, म्हणून कक्षाकडे लेखी मागून घ्या.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: भाच्याला वाचवायचं आणि ज्यांनी काही केलं नाही त्यांना जाब विचारायचा. दोन्ही रास्त आहेत, पण एका कागदावर लिहू नका.

का, ते एका प्रसंगावरून सांगते. मी सदस्य असताना एका मुलीचे आजोबा अकरा पानांचा अर्ज घेऊन आले होते. सुंदर अक्षर, प्रत्येक पानावर सही. पहिल्या पानावर भारताचं संविधान, दुसऱ्यावर फौजदाराचा उद्धटपणा, तिसऱ्या-चौथ्यावर कक्षातल्या बाईंनी फोन कसा आपटला त्याचं वर्णन, मध्ये जावयाच्या घराण्याचा इतिहास. मुलीच्या पाठीवर वळ आहेत हे वाक्य सातव्या पानावर होतं. आवक टेबलावरच्या कारकुनानं पहिलं पान वाचलं आणि विषयाच्या रकान्यात लिहिलं, ‘कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रार’. झालं. तो अर्ज खुलासा मागवण्याच्या रांगेत गेला. ज्यांच्याविरुद्ध होता त्यांच्याकडेच अहवालासाठी गेला, त्यांनी वेळ मागितला, आणि ते सातवं पान समितीसमोर यायला पाच आठवडे लागले. त्यात कुणी लबाडी केली नव्हती. कागदानं स्वतःबद्दल जे सांगितलं, त्या फाइलमध्ये तो गेला.

म्हणून पहिला कागद फक्त मुलाचा. बालकल्याण समितीच्या अध्यक्षांच्या नावे, एक पान. विषय: ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाबाबत माहिती’. हे शब्द जसेच्या तसे वापरा, कारण बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये हीच व्याख्या आहे. कलम २(१४) प्रमाणे, सोबत राहणाऱ्या व्यक्तीनं, मग ती पालक का असेना, ज्याला इजा केली आहे, छळलं आहे किंवा ज्याची हेळसांड केली आहे, ते मूल या व्याख्येत येतं. गुन्हा नोंदला गेला पाहिजे, आईनं तक्रार दिली पाहिजे, अशी अट त्यात कुठेही नाही. पोलिसांनी घरगुती मामला म्हटलं तरी समितीचं काम संपत नाही.

‘तुमचा काय संबंध’ याचं उत्तर कलम ३१ मध्ये आहे. समितीसमोर मूल कोण आणू शकतं याची यादी तिथे दिली आहे. पोलीस, चाइल्डलाइन (म्हणजे १०९८), समाजसेवक, डॉक्टर, परिचारिका, स्वतः मूल, आणि कोणताही लोकहितदक्ष नागरिक. रस्त्यावरचा अनोळखी माणूस चालतो, मग सख्ख्या मावशीला संबंध विचारायचं कारण नाही. मूल समोर आणता येत नसेल, आणि तुम्हाला ते येणारच नाही, तर समिती स्वतःहून दखल घेऊ शकते. कलम ३० मध्ये तसा अधिकार आहे, फक्त तो निर्णय किमान तीन सदस्यांनी मिळून घ्यायचा असतो. अर्जाच्या शेवटी नेमकी हीच विनंती करा: ‘कलम ३० अन्वये स्वतःहून दखल घेऊन सामाजिक तपासणीचे आदेश व्हावेत.’ सामाजिक तपासणी म्हणजे मुलाच्या घरची आणि परिस्थितीची चौकशी.

मधल्या मजकुरात फक्त पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहा. ‘वडील क्रूर आहेत’ असं नको. ‘अमुक तारखेला भाचा माझ्याकडे आला तेव्हा उजव्या मांडीवर बोटभर रुंदीचे तीन निळे वळ होते. तो म्हणाला, गृहपाठ राहिला म्हणून पप्पांनी पट्टा काढला’ असं लिहा. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत असू द्या, सुधारू नका. आणि त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका. मोबाइलवर तर मुळीच बोलतं करू नका. चार नातेवाईकांनी चार वेळा वदवून घेतलेलं मूल समितीसमोर आलं की ते पढवलेलं वाटतं, आणि बिचाऱ्याचं खरंही खोटं ठरतं. वळ ताजे असताना सरकारी दवाखान्यात दाखवलं असेल तर केसपेपरची प्रत जोडा.

याच अर्जात आणखी एक वाक्य टाका. सल्ला देणारे ते सहसा विसरतात. ‘आवश्यकता भासल्यास बालकाची तात्पुरती काळजी घेण्यास मी तयार आहे.’ कलम ३७ मध्ये समितीला मूल ‘योग्य व्यक्ती’कडे सोपवता येतं. समितीच्या दिरंगाईमागचं एक न बोललेलं कारण मी आतून पाहिलं आहे: मूल काढून ठेवायचं कुठे? बालगृह हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाला शाळा, मित्र, आई सगळं सोडून तिथे पाठवायला कोणत्याही सदस्याचा हात कचरतो. समोर एक मावशी, स्वतःचं घर, तीच शाळा असं चित्र असलं की निर्णय होतो.

या अर्जाची पोच घ्या. पोच म्हणजे प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ‘ठेवून जा, साहेब आले की दाखवतो’ म्हणाले तर हसून तिथेच बसा. तरीही नाही दिली तर नोंदणीकृत टपालानं पाठवा.

आता दुसरा कागद, म्हणजे तक्रार. इथे आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: चुकीचा निर्णय झाला आहे की निर्णयच झालेला नाही? समितीनं लेखी आदेश दिला असेल आणि तो पटत नसेल, तर तक्रार करून काही मिळत नाही. त्याला अपील लागतं, कलम १०१ प्रमाणे, आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांत, बाल न्यायालयात. प्रतिपालक कुटुंब (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणं) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) याबद्दलचे आदेश याला अपवाद, ते जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातात. समितीला दंडाधिकाऱ्यांच्या पीठाचे अधिकार आहेत, त्यामुळे तिचा आदेश कुणी मंत्री-आमदार फोनवर फिरवू शकत नाही, आणि शकू नये. आमच्याकडे असे फोन यायचे. कितीतरी लोकांचे ते तीस दिवस तक्रारअर्ज फिरवण्यातच निघून जातात, आणि मग वकील हळहळतो.

तुमच्या बाबतीत आदेशच नाही, म्हणजे कामच झालेलं नाही. समितीच्या कामकाजाबद्दल गाऱ्हाणं ऐकण्याचा अधिकार कलम २७(१०) नं जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. बाधित मूल किंवा ‘मुलाशी संबंधित कोणीही’ तक्रार करू शकतं, आणि दोन्ही बाजू ऐकून त्यांनी योग्य तो आदेश करायचा असतो. २०२१ च्या दुरुस्तीनं हे कलम आणखी स्पष्ट झालं. समितीच्या कामाचा तिमाही आढावाही त्यांनीच घ्यायचा आहे. गंमत अशी की कलेक्टर कचेरीत हे कलम सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. मी एकदा अर्ज दिला तेव्हा तिथल्या लिपिकानं तो मोठ्या आदबीनं महिला व बालविकास कार्यालयाकडे ‘उचित कार्यवाहीस्तव’ धाडला, म्हणजे फिरून जिथून सुरुवात झाली तिथेच. तेव्हापासून मी विषयातच लिहिते: ‘बाल न्याय अधिनियम, २०१५ कलम २७(१०) अन्वये जिल्हादंडाधिकारी या नात्याने आपणाकडे तक्रार’. एवढ्या एका ओळीनं कागदाचा रस्ता बदलतो.

लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, हा अर्ज घेऊन जावं का? मी तरी नाही म्हणेन. भरल्या सभागृहात नाव पुकारलं जातं, आजूबाजूला गावातलेच लोक बसलेले असतात. रस्ता, गटार, सातबारा यासाठी ती जागा ठीक आहे.

जिल्हा बाल संरक्षण कक्ष समितीच्या हाताखाली नाही. तो महिला व बालविकास विभागाचा. कक्षातल्या माणसांबद्दल गाऱ्हाणं असेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, आणि त्यांच्यावर पुण्याचं आयुक्तालय. पोलिसांचा मार्ग आणखी वेगळा, त्याकडे येतेच.

तक्रारीत काय लिहायचं? ‘दखल घेतली नाही’ हे वाक्य शक्यतो नकोच. ते इतक्या वेळा लिहिलं गेलंय की वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून घसरतं, आणि त्याला ‘दखल घेण्यात आलेली आहे’ एवढं उत्तर पुरतं. त्याऐवजी कायद्यानं कुणी, कधीपर्यंत, काय करायचं होतं आणि ते झालं का, असं विचारा. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पुरी व्हायची असते. मूल पहिल्यांदा समितीसमोर आल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हायचा असतो. आता तुमची तक्रार अशी दिसेल: ‘अमुक तारखेला १०९८ वर माहिती दिली. अमुक तारखेला कक्षाचे कर्मचारी घरी गेले. ही माहिती समितीसमोर कोणत्या तारखेला ठेवली? तपासणीचा आदेश कधी झाला? अहवाल कधी दाखल झाला?’ तीन तारखा मागितल्या की टोलवाटोलवी अवघड होते. नसलेली तारीख लिहिता येत नाही, आणि खोटी लिहिली तर पुढे अंगाशी येते.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ‘गृहभेटीच्या वेळी बालकाशी सावत्र वडिलांच्या गैरहजेरीत बोलणे झाले का?’

गृहभेटीचे अहवाल मी शेकड्यांनी वाचले आहेत. त्यांचा एक ठरलेला साचा असतो. घर पक्क्या बांधकामाचे, स्वच्छता आढळली, बालक नियमित शाळेत जाते, पालकांनी आरोप नाकारले, बालकाने कोणतीही तक्रार केली नाही. हे शेवटचं वाक्य आलं की मी बोलावून विचारायचे, कुठे बसला होता मुलगा? एकदा एका तरुण कार्यकर्त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मॅडम, वडिलांच्या शेजारी, पलंगावर. वडिलांनीच त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.’ तो पोरगा नवीन होता, दोन तालुके एकट्यानं सांभाळत होता, संध्याकाळची शेवटची एसटी पकडायची घाई होती. त्याच्यावर मी चिडले नाही. पण तो अहवाल परत पाठवला आणि मुलाला शाळेत भेटायला लावलं. शाळेत, वर्गशिक्षिकेच्या खोलीत, मूल अर्ध्या तासात बोललं.

तुमच्या भाच्याच्या घरी गेलेल्यांनी हेच केलं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून तक्रारीत शिक्षेची मागणी करण्याआधी ‘बालकाची शाळेत, स्वतंत्रपणे भेट घेऊन फेरतपासणी व्हावी’ ही मागणी लिहा. निलंबनाची मागणी केली की पूर्ण कार्यालय एक होऊन बचावाला बसतं. फेरतपासणीला नाही म्हणणं कठीण.

पोलिसांकडे वळू. प्रत्येक ठाण्यात किमान एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असावा, असं कलम १०७ सांगतं. ठाणे अंमलदाराशी वाद घालण्यापेक्षा नावानं त्यांना भेटा. सांभाळ ज्याच्याकडे आहे त्यानंच मुलाला केलेली मारहाण, छळ यासाठी त्याच कायद्याचं कलम ७५ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आपल्या हक्काचं मूल असलं तरी ते लागू होतं. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे माहिती लेखी, टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. यासाठी वकिलाची फी भरायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय जरी असला तरी हा सगळा हिशेब बदलतो. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याखाली माहिती नोंदवून न घेणं हाच कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवायला झालेल्या उशिरावरून पोलिसांना फैलावर घेतलं, हे तुम्हाला आठवत असेल. तुमच्या मजकुरात तसं काही नाही. असेल आणि लिहायला जड गेलं असेल, तर मात्र वाट पाहू नका.

या सगळ्यावर बालहक्क आयोग. लोक उत्साहात राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग दोघांनाही एकाच दिवशी अर्ज पाठवतात. तसं करू नका. एका आयोगासमोर असलेल्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगानं चौकशी करायची नाही, असं या आयोगांच्या २००५ च्या कायद्यातच आहे, त्यामुळे एक अर्ज दुसऱ्याला खाऊन टाकतो. आधी राज्य आयोग. आयोग अधिकाऱ्यांना बोलावून घेऊ शकतो, कागद मागवू शकतो, चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत, पण शेवटी करतो ती शिफारस. तरी समन्स आल्यावर जिल्ह्यात फायली कशा हलतात ते मी पाहिलं आहे. ज्या फाइलवर धूळ होती तिच्यावर एका आठवड्यात तीन टिपण्या पडतात.

माहितीचा अधिकार वापरावा का? वापरा, पण अपेक्षा माफक ठेवा. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणजे तातडीच्या कामाचा तो नव्हे. आणि भाच्याचा तपासणी अहवाल मागितलात तर नकार येईल, तो बरोबरही असेल, कारण मुलांबाबतचे अहवाल कायद्यानं गोपनीय आहेत. कार्यालयानं तुम्हाला ‘पुढे काय झाले’ हे न सांगण्यामागे कधीकधी आळसाऐवजी हेच कारण असतं. मूल दुसऱ्या कुणाच्या घरातलं असतं आणि फोन करणारी मावशी आहे की वडिलांची बहीण आहे, हे खिडकीवरच्या माणसाला कळत नाही. तेव्हा मजकूर मागू नका. तुमच्या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, तो आता कोणत्या टेबलावर आहे, एवढंच मागा. ते द्यावंच लागतं.

आणि कृपा करून हे प्रकरण व्हॉट्सअ‍ॅपवर, स्थानिक बातमीदाराकडे, फेसबुकवर नेऊ नका. मुलाचं नाव, शाळा, पत्ता, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू चांगला होता म्हणून सुटका नाही. तक्रारीच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून वर्तमानपत्रांची नावं लिहायची आपल्याकडे फार सवय आहे. इथे ती मोडा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, राग मुलावर निघेल का. निघू शकतो, आणि याला कुणी हमी देईल असं मी म्हणणार नाही. म्हणून तर पहिला कागद आधी आणि दुसरा नंतर. मुलाचा अर्ज दाखल होऊन शाळेत भेट झाली, समितीची नजर त्या घरावर आली, की मग साहेबांची तक्रार. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. पहिल्या अर्जात तुमचं नाव गुप्त ठेवण्याची विनंती लिहा, आणि अर्ज कुणाकडे आहे हे बहिणीच्या घरी बोलू नका, तिच्या भल्यासाठीसुद्धा नाही. चिडलेला नवरा पहिल्यांदा बायकोचाच फोन तपासतो.

बहिणीला मात्र तोडू नका. ‘तू आई असून गप्प कशी’ हे वाक्य तिनं स्वतःला रोज ऐकवलेलंच असेल. भाऊबीज, वाढदिवस, काही निमित्तानं जात राहा. भाच्याच्या शाळेत पालक-शिक्षक सभेला बहिणीबरोबर एकदा जा आणि वर्गशिक्षिकेची ओळख करून घ्या. उद्या समितीचा माणूस शाळेत येईल तेव्हा दार त्या उघडणार आहेत. आणि तुमचा नंबर भाच्याला वहीच्या मागच्या पानावर लिहून देण्यापेक्षा पाठ करून घ्या. वही घरी कुणीही उघडतं.